करून-सवरून नामानिराळा: एकामागे एक उभ्या दोन सिलिंडरांचं प्रकरण

उतरताना विमानाची इंजिनं बऱ्यापैकी मंद केलेली असतात. तरी खाली उभ्या माणसाला आवाज येतोच, आणि त्यातला मोठा वाटा बाहेर काढलेल्या चाकांच्या सांगाड्याचा, म्हणजे लँडिंग गिअरचा असतो. या सांगाड्यात दांडे, नळ्या, टेकू आणि वायरी एकमेकांच्या मागेपुढे उभ्या असतात. एकाने ढवळलेली हवा दुसऱ्यावर जाऊन आदळते. अख्खा गिअर वाऱ्यात ठेवून मोजायला गेलं, तर कोणत्या दांड्याने काय केलं हे उलगडायला मार्ग राहत नाही. म्हणून अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या हॅम्प्टन इथे, नासाच्या लँगली संशोधन केंद्रात, या गुंत्यातलं बाकी सगळं वगळून दोनच वस्तू ठेवल्या: एक गोल सिलिंडर, आणि नेमका त्याच्या मागे तेवढ्याच व्यासाचा दुसरा.

हा प्रश्न या जागेला नवा नव्हता. नासाच्या आधीची संस्था नाका, तिच्यासाठी बीअरमन आणि हर्नस्टीन यांनी १९३३ मध्ये जवळजवळ ठेवलेल्या दांड्यांवरचा वाऱ्याचा रोध मोजला होता. तेव्हा विमानांना दोन-दोन पंख असत आणि त्यांच्यामधले टेकू एकमेकांच्या सावलीत उभे असत. त्या काळी प्रश्न रोधाचा होता, आता तो आवाजाचा झाला. आकृती मात्र तीच राहिली.

आधी आकडे पाहू, कारण या प्रकरणात सगळं आकड्यांवर अडतं. सिलिंडरचा व्यास ५७.१५ मिलिमीटर, म्हणजे सव्वादोन इंच. वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी साधारण १५८ किलोमीटर. एका केंद्रापासून दुसऱ्या केंद्रापर्यंतचं अंतर व्यासाच्या ३.७ पट, म्हणजे सुमारे २११ मिलिमीटर. (या विषयावर काहीही वाचताना हे पहिल्यांदा तपासावं: अंतर केंद्रापासून केंद्रापर्यंत दिलंय की पृष्ठापासून पृष्ठापर्यंत? इथे मोकळी फट २.७ व्यासांचीच आहे, आणि एका व्यासाची ही गफलत उत्तर पार उलटवू शकते.) व्यासावर काढलेला रेनॉल्ड्स अंक (हवेचा रेटा तिच्या चिकटपणाच्या तुलनेत किती, हे सांगणारा आकडा) १ लाख ६६ हजार. माख अंक, म्हणजे वाऱ्याचा वेग ध्वनीच्या वेगाच्या किती पट, ०.१२८. इतक्या कमी माख अंकाला हवा दबत नाही असं धरून प्रवाहाचं गणित बिनधास्त करता येतं. गंमत अशी की जो आवाज शोधायचाय तो हवा दबल्याशिवाय निर्माणच होत नाही. म्हणून प्रवाह एका हिशेबाने काढायचा आणि आवाज दुसऱ्या, अशी विभागणी इथे सर्रास दिसते.

मोजमापं दोन वातबोगद्यांत झाली. ‘बेसिक एरोडायनॅमिक रिसर्च टनेल’ हा बंद भिंतींचा बोगदा. त्यात सिलिंडर जमिनीपासून छतापर्यंत उभे होते आणि त्यांची लांबी व्यासाच्या सुमारे १२.४ पट होती. इथे पृष्ठावरचा स्थिर आणि बदलता दाब मोजला, हवेत सोडलेल्या सूक्ष्म कणांची लेझरच्या उजेडात छायाचित्रं घेऊन वेगाचे नकाशे काढले (या पद्धतीला पीआयव्ही म्हणतात), आणि हॉट-वायरने, म्हणजे तापवलेल्या बारीक तारेने, वेगातले झटपट चढउतार टिपले. दुसरी जागा ‘क्वाएट फ्लो फॅसिलिटी’. तिथे वाऱ्याचा झोत उघड्यावर सुटतो, भोवतीच्या खोलीच्या भिंती आवाज गिळतात आणि मायक्रोफोन वाऱ्याच्या बाहेर ठेवता येतात. तिथल्या सिलिंडरांची लांबी १६ व्यास होती. बंद बोगद्यात प्रवाह नीट मोजता येतो, पण आवाज भिंतींवर आपटून परत येतो. उघड्या झोतात याच्या उलट. त्यामुळे दोन्ही जागा लागल्या.

आता अंतराकडे येऊ, कारण खरी मेख तिथेच आहे.

वाऱ्यात एकच सिलिंडर उभा असेल तर गोष्ट ओळखीची आहे. पृष्ठाला लागून वाहणारा हवेचा पातळ थर कडेला आल्यावर पृष्ठ सोडतो. दोन्ही बाजूंनी सुटलेले हे थर, म्हणजे शिअर लेयर, मागे आळीपाळीने गुंडाळले जातात आणि एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने असे भोवरे सुटत राहतात. तारेतून वारा गुणगुणतो त्यामागे हेच असतं. स्ट्रौहल या भौतिकशास्त्रज्ञाने १८७८ मध्ये त्याची वारंवारता वेग आणि व्यास यांच्याशी जोडली, आणि भोवऱ्यांच्या रांगेला पुढे फॉन कार्मानचं नाव मिळालं. शिअर लेयरला गुंडाळायला मागे मोकळी जागा लागते. ती जागा दुसऱ्या सिलिंडरने अडवली तर काय होणार, एवढाच इथला प्रश्न आहे.

लँगलीत दोन अंतरं निवडली होती, १.४३५ आणि ३.७ व्यास. पहिल्या अंतरावर फट इतकी चिंचोळी की पुढच्या सिलिंडरचे शिअर लेयर न गुंडाळता थेट पलीकडे जातात आणि मागच्याच्या अंगावर टेकतात. वाऱ्याच्या दृष्टीने ही दोन वेगळी शरीरं राहतच नाहीत, एकच लांबट शरीर होतं. फटीतली हवा जवळपास कोंडलेली असते आणि तिचा दाब कमी असतो. मागच्या सिलिंडरच्या छातीवर असा कमी दाब आल्यामुळे तो पुढे ओढला जातो. कमी अंतरांवर मागच्या सिलिंडरचा ड्रॅग गुणांक, म्हणजे वाऱ्याच्या रोधाचं माप, शून्याच्या खालीही जातो. वाऱ्यात उभी असलेली वस्तू वाऱ्याच्या उलट दिशेला ढकलली जाते हे पहिल्यांदा ऐकताना पटत नाही, पण हिशेबात आणि प्रयोगात ते अनेकदा दिसलेलं आहे.

३.७ वर चित्र पालटतं. फटीत आता जागा आहे. पुढच्याचे शिअर लेयर फटीतच गुंडाळतात, भोवरे तिथेच तयार होतात आणि मागच्यावर जाऊन आदळतात. मागचा सिलिंडरही स्वतःचे भोवरे सोडतो, पण स्वतःच्या तालात नव्हे. येणारे भोवरे त्याला ताल देतात, म्हणून दोघांची वारंवारता एकच राहते.

या दोन अवस्थांमध्ये एक उंबरठा असतो. झ्द्रावकोविच या संशोधकाने १९७७ मध्ये तोवरच्या मोजमापांचा आढावा घेऊन जी वर्गवारी लोकप्रिय केली, तिच्यात साधारणपणे १.२ ते १.८ व्यासांपर्यंत ‘एकच लांब शरीर’, तिथून ३.४ ते ३.८ पर्यंत ‘पुन्हा चिकटणारे थर’, आणि त्यापुढे दोघांचे भोवरे, असे टप्पे येतात. हे आकडे दगडावरची रेघ नाहीत. रेनॉल्ड्स अंक बदलला, येणारा वारा जास्त खळबळाट घेऊन आला, की उंबरठा सरकतो. बदल मात्र हळूहळू होत नाही, तो उडी मारतो. रेनॉल्ड्स अंक २०० असताना, म्हणजे प्रवाह अगदी शांत आणि द्विमितीय धरलेला असताना, संगणकावर हे स्वच्छ दिसतं: एकट्या सिलिंडरचा ड्रॅग गुणांक सुमारे १.३. दोन व्यासांच्या अंतरावर पुढच्याचा १.० च्या आसपास आणि मागच्याचा उणे. चार व्यासांवर मागच्याचा एकदम अधिक, साधारण ०.४. मध्ये कुठेतरी अख्खी व्यवस्था उलटलेली असते. नवख्याने हा हिशेब स्वतः करून पाहावा, साध्या लॅपटॉपवर होतो. फक्त तिथले आकडे विमानाला लावू नयेत.

का लावू नयेत, याचं उत्तर या प्रयोगातल्या एका बारीक पट्टीत आहे. रेनॉल्ड्स अंक काही लाखांवर गेला की सिलिंडरच्या पृष्ठावरचा थर पृष्ठ सोडण्याआधीच खळबळाटी, म्हणजे टर्ब्युलंट होतो, जास्त वेळ पृष्ठाला चिकटून राहतो, वेक, म्हणजे मागचा ढवळलेला पट्टा, अरुंद होतो आणि ड्रॅग कोसळतो. खऱ्या लँडिंग गिअरचे जाड दांडे याच टप्प्यात असतात. १ लाख ६६ हजारांवर गुळगुळीत सिलिंडर मात्र अजून अलीकडेच असतो. म्हणून पुढच्या सिलिंडरवर, वारा जिथे सरळ येऊन थांबतो त्या रेषेपासून ५० ते ६० अंशांच्या मध्ये, दोन्ही बाजूंना खरखरीत पट्ट्या चिकटवल्या. थर तिथे मुद्दाम बिघडवला, की पुढचं वागणं मोठ्या रेनॉल्ड्स अंकासारखं होतं. आधी पट्टी फक्त पुढच्याला होती. मागच्यावर आधीच ढवळलेली हवा येते, तिथे वेगळी पट्टी कशाला, हा विचार साहजिक होता. पुढे २००९ मध्ये मांडलेल्या मोजमापांत दोघांनाही पट्ट्या लावून काय फरक पडतो तेही तपासलं.

या पट्टीचा परिणाम वारंवारतेतही डोकावतो. एकट्या गुळगुळीत सिलिंडरला स्ट्रौहल अंक (वारंवारता गुणिले व्यास, भागिले वेग) ०.२ धरला तर ४४ भागिले ०.०५७१५ गुणिले ०.२, म्हणजे सुमारे १५४ हर्ट्झ यायला हवेत. प्रत्यक्षात मुख्य सूर १७८ हर्ट्झच्या आसपास मिळाला, म्हणजे स्ट्रौहल अंक ०.२३. वेक अरुंद झाला की दोन्ही बाजूंचे थर एकमेकांच्या जवळ येतात आणि भोवऱ्यांची आळीपाळी लवकर होते. हा सूर कानाला खर्जातला लागतो.

तो सूर येतो कुठून? दोन सिलिंडर आहेत, भोवरे बनतात ते पुढच्यामुळे. सहज बोट पुढच्याकडे जातं.

मोजमापं आणि हिशेब दोन्ही उलट सांगतात. पुढच्या सिलिंडरवरचे दाबाचे चढउतार मागच्यावरच्या चढउतारांपेक्षा लहान असतात. पुढच्याचे भोवरे त्याच्यापासून काही अंतरावर, फटीत गुंडाळतात. त्यांचा हिसका त्याच्या पाठीला जाणवतो, पण तेवढाच. मागच्याचं तसं नाही. प्रत्येक भोवरा थेट त्याच्या अंगावर येतो. एका बाजूचा भोवरा समोर आला की येणारा वारा एकीकडे झुकल्यासारखा होतो, पुढच्या क्षणी दुसऱ्या बाजूचा येतो आणि वारा उलटीकडे झुकतो. सेकंदाला १७८ वेळा हा झोका पूर्ण होतो आणि मागचा सिलिंडर त्या तालात वाऱ्याला आडवा, इकडे-तिकडे ओढला जातो. कर्ल या संशोधकाने १९५५ मध्ये दाखवून दिलं की स्थिर घन वस्तूवरचं बदलतं बल हेच कमी वेगाच्या प्रवाहात आवाजाचं मुख्य उगमस्थान असतं. ज्याच्यावरचं बल जास्त हलतं, तो जास्त बोलतो. त्यामुळे या जोडीत बहुतेक सगळा आवाज मागचा करतो. पुढचा करून-सवरून नामानिराळा.

इथे एक छोटा हिशेब करून ठेवण्यासारखा आहे. १७८ हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी साधारण १.९ मीटर. दोन सिलिंडरांमधलं अंतर ०.२१ मीटर, म्हणजे तरंगलांबीच्या नवव्या भागाइतकं. दूरच्या मायक्रोफोनला ही जोडी एकाच बिंदूवर बसलेल्या बोलक्यासारखी वाटते. त्यात मागच्याचं पारडं इतकं जड, की आवाज कोणत्या दिशेला किती जातो त्याचा नकाशाही एकट्या सिलिंडरसारखाच निघतो: वाऱ्याच्या आडव्या दिशेला जास्त, वाऱ्याच्या रेषेत कमी. नुसता मायक्रोफोन लावून बसलेल्या माणसाला पुढे आणखी एक सिलिंडर आहे याचा पत्ताही लागला नसता. पृष्ठावर दाब मोजला म्हणून गुन्हेगार आणि ओरडणारा हे दोन वेगळे आहेत हे कळलं.

यातून एक व्यवहारी गोष्ट निघते, जिच्याकडे मला वाटतं पुरेसं लक्ष जात नाही. आवाज मागच्याचा आहे म्हणून फक्त मागच्याला वेष्टण घालायला धावू नये. त्याच्यावर येणारा भोवरा मोडता आला, किंवा अंतर कमी करून तो फटीत बनूच दिला नाही, तर मागचा आपोआप गप्प होऊ शकतो.

संगणकावर हे प्रकरण सोडवायला बसल्यावर आणखी एक खोड समोर आली, आणि माझ्या मते सगळ्यात शिकवणारा भाग तोच. सिलिंडर सरळ आहे, उभ्या दिशेने काहीच बदलत नाही. मग पूर्ण लांबी कशाला घ्यायची? तीन व्यासांची एक चकती कापून घ्यावी, वर-खाली आवर्ती सीमा लावाव्यात (म्हणजे एका टोकाने बाहेर गेलेली हवा दुसऱ्या टोकाने आत येते असं धरावं) आणि आलेलं उत्तर लांबीने गुणावं. संगणकाचा वेळ वाचतो. प्रवाहाचं सरासरी चित्र बरंही येतं. आवाज मात्र चुकतो.

कारण भोवरा लांबीभर एकसंध नसतो. एका टोकाला तो सुटून गेलेला असतो तेव्हा दुसऱ्या टोकाला अजून बनत असतो. मधल्या अंतरात दोन बिंदूंचा ताल जुळणं हळूहळू कमी होत जातं. या जुळणीच्या लांबीवर आवाज अवलंबून असतो. समजा सिलिंडर १६ व्यास लांब आहे आणि ताल चार व्यासांपुरताच जुळतो. तर चार स्वतंत्र तुकडे मिळाले, आणि त्यांच्या आवाजाची ऊर्जा नुसती बेरजेने वाढते: चौपट. सगळी लांबी एकतालात हलते असं धरलं तर बल चौपट, म्हणून ऊर्जा सोळापट. फरक ६ डेसिबलचा. (हे चार व्यास केवळ उदाहरणापुरते घेतलेत.) छोट्या चकतीत ताल जुळणं कमी व्हायला जागाच नसते, वरची आवर्ती सीमा खालच्याला पुन्हा जोडून देते आणि सगळा सिलिंडर एकजुटीने गातो असं भासतं. द्विमितीय हिशेबात तर ही एकजूट अनंत असते. लँगलीच्याच २००७ मधल्या हिशेबांत असं दिसलं की लांबीच्या दिशेने ही जुळणी पूर्णपणे उतरताना पकडायची तर प्रतिकृतीची संपूर्ण लांबी घ्यावी लागते, आणि आवाजाची पातळी तेव्हाच ताळ्यावर येते.

त्याच हिशेबांत एक युक्ती होती. नेहमीचं टर्ब्युलन्स मॉडेल, म्हणजे खळबळाटाचा सरासरी परिणाम अंदाजाने धरणारी समीकरणं, सगळीकडे चालू ठेवलं तर ते फटीतले भोवरे गुळगुळीत करून टाकायला बघतं, जणू पाण्यात तेल मिसळलंय. म्हणून सिलिंडरच्या अंगाभोवतालचं एक अरुंद कडं सोडून बाकी सर्वत्र मॉडेलच्या समीकरणातलं टर्ब्युलन्स निर्माण करणारं पद बंद केलं. अंगाजवळचा बारीक थर मॉडेल सांभाळेल, फटीतले मोठे भोवरे हिशेबासाठी जागेचे बारीक तुकडे पाडणारी जाळी स्वतः पकडेल. युक्ती उघड आहे, थोडी जुगाडू म्हणावी अशी, पण जिथे मॉडेलची गरज नाही तिथून ते हटवणं हा विचार शहाणपणाचाच.

जून २०१० मध्ये स्टॉकहोममध्ये विमानाच्या आवाजाच्या संगणन-चाचण्यांची पहिली कार्यशाळा झाली. तिथे हे ३.७ व्यासांचं प्रकरण सगळ्यांसमोर ठेवलं होतं. वेगवेगळ्या गटांनी वेगवेगळ्या जाळ्या आणि वेगवेगळ्या पद्धती वापरल्या, भरपूर संगणकीय ताकद लावली. प्रवाहाची ढोबळ वैशिष्ट्यं बहुतेकांना मिळाली. गाडं अडलं दोन ठिकाणी. एक, ती चिकटवलेली खरखरीत पट्टी हिशेबात कशी दाखवायची, यावर एकमत नव्हतं: पृष्ठावरचा थर पहिल्यापासून टर्ब्युलंट धरायचा, की पट्टीपासून पुढे, की पट्टीचा उंचवटाच जाळीत काढायचा? दोन, लांबीच्या दिशेने होणारा बदल. दोन वर्तुळं काढली की जी भूमिती संपते, तिच्यावर इतकी माणसं अडकून पडली. यात संगणकाचा दोष फारसा नाही. थर पृष्ठ नेमकं कुठे सोडतो यात थोडासा फरक पडला की फटीतला भोवरा कुठे गुंडाळतो ते बदलतं, त्यामुळे मागच्यावरचा मारा बदलतो, आणि आवाज त्या माऱ्यावर बसलेला आहे.

शिवाय ३.७ ही यातली सोपी बाजू. तिथे फटीत भोवरे सतत बनतात, उंबरठा मागे पडलेला आहे. १.४३५ ही पलीकडची सोपी बाजू. २००९ च्या मोजमापांत लँगलीच्या गटाने या दोघांच्या मधल्या, उंबरठ्याजवळच्या अंतरावरही पाहिलं. तिथे प्रवाहाला स्वतःलाच ठरवता येत नाही. काही वेळ पुढच्याचे थर मागच्यावर टेकून राहतात, मग कोणतंही निमित्त नसताना ते सुटतात आणि फटीत भोवरे बनू लागतात, मग पुन्हा टेकतात. हे बदल ठरावीक कालाने येत नाहीत. आवाजही तसाच, मधूनच मोठ्याने उठणारा आणि मधूनच विरणारा. दोन्ही सिलिंडरांचा ड्रॅग ज्या अंतरावर झपाट्याने बदलतो, त्या बदलाच्या अधेमधे ही अवस्था बसते. वरचा लांबीचा हिशेब आठवला तर पुढचा शोध बोचतो: या दोलायमान अवस्थेत पृष्ठावरच्या दाबाची जुळणी अलीकडच्या आणि पलीकडच्या दोन्ही अंतरांपेक्षा कितीतरी लांबवर पोचते. म्हणजे अवस्था सगळ्यात अनिश्चित, आणि भोवरे सगळ्यात एकजुटीचे.

अशा ठिकाणी दीर्घ सरासरी घेणं धोक्याचं. १७८ हर्ट्झला भोवऱ्यांचं एक आवर्तन साडेपाच-सहा हजारांश सेकंदांत संपतं, त्यामुळे संगणकावर अशी पन्नास-शंभर आवर्तनं मोजली की आकडेवारी पुरेशी झाली असं वाटायला लागतं. उंबरठ्यावरच्या प्रवाहाला तेवढ्या वेळात एकदाही बाजू बदलावीशी वाटली नाही तर हाती अर्धंच चित्र येतं. आणि पुरेसा वेळ थांबून दोन्ही बाजू एकत्र मिसळल्या, तर सरासरी नकाशात अर्धवट टेकलेले, अर्धवट गुंडाळलेले थर दिसतात. असा प्रवाह त्या बोगद्यात कोणत्याही क्षणी नसतो.